गोळ्यांची पिशवी आणि अन्ननलिकेचा कर्करोग

तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर या पट्ट्यात घास अडकण्याची तक्रार बहुधा भाकरीपासून सुरू होते. ज्वारीची कडक भाकरी छातीत अडकल्यासारखी वाटते, मग ती कालवणात कुस्करून खाल्ली जाते. काही आठवड्यांनी कुस्करलेली भाकरीही उतरेनाशी होते, मग मऊ भात, मग पातळ पेज. पाणीही नाका-तोंडातून परत येऊ लागले की घरचे लोक रुग्णाला दवाखान्यात आणतात. अन्ननलिका ही साधारण २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी लवचिक नळी आहे. ती बरीचशी अरुंद होईपर्यंत माणूस जेवत राहतो आणि दुखणे अंगावर काढतो. अन्ननलिकेचा कर्करोग उशिरा सापडतो त्याचे हे मोठे कारण आहे.

हा रुग्ण क्वचितच फक्त कर्करोगाचा रुग्ण असतो. वय पन्नास ते सत्तरच्या घरात, त्यामुळे रक्तदाबाची गोळी पाच-सात वर्षांपासून चालू, मधुमेहाच्या दोन गोळ्या, एखाद्याला हृदयाची स्टेंट बसलेली म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली वेदनाशामके, आणि पित्ताची गोळी तर घरोघरी. कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करतात आणि दोन प्रश्न विचारतात. ‘आता या सगळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या?’ आणि ‘शुगरची गोळी कॅन्सरवरपण चालते म्हणे, खरं का?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्या आजारांसाठी घेतलेल्या औषधांचा कर्करोगाच्या वाटचालीवर परिणाम होतो का, यावर गेली दोन-तीन दशके जगभर संशोधन चालू आहे. त्यातून आशा वाटावी असे काही हाती आले आहे आणि सावध करणारेही बरेच आले आहे.

आपल्याकडचा आजार वेगळा

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला नळीच्या आतल्या अस्तरातील चपट्या पेशींपासून होतो. तंबाखू, विडी, दारू, सुपारी आणि फळे-भाज्यांचा अभाव यांच्याशी त्याचा संबंध आहे. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये ‘बहुधा कर्ककारक’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले, तेही याच कर्करोगाच्या संदर्भात. दुसरा प्रकार ग्रंथींच्या पेशींपासून, बहुधा नळीच्या खालच्या टोकाला होतो. वर्षानुवर्षे जठरातले आम्ल वर येणे आणि लठ्ठपणा ही त्याची कारणे. युरोप-अमेरिकेत दुसरा प्रकार जास्त, तर भारतात पहिला.

हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा आहे. औषधांवरचे बरेचसे संशोधन पाश्चात्त्य देशांत, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवर झालेले आहे. त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा तुळजापूरच्या रुग्णाला लावता येत नाही.

एकूण कर्करोगाचे प्रमाण पाहिले तर हा जिल्हा देशात खालच्या टोकाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अहवालात उस्मानाबाद-बीड या क्षेत्रातील पुरुषांमध्ये कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण वर्षाला एक लाखामागे ३९.५ होते, देशातील नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी. सर्वांत वर असलेल्या ऐझॉलचा आकडा २६९.४ होता. प्रमाण कमी असले तरी ज्याला आजार होतो त्याची वाट सोपी नसते. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि बार्शी, भूम, परांडा या तालुक्यांतील खेड्यांत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कर्करोगाला वेळेत गाठायचे तर गावपातळीवर जावे लागते, हे त्या कामाने दाखवून दिले.

ॲस्पिरिनची गोष्ट

‘दुसऱ्या आजाराचे औषध कर्करोगावर चालते का’ या प्रश्नात सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले औषध म्हणजे ॲस्पिरिन. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधील संशोधक पीटर रॉथवेल व सहकाऱ्यांनी आठ जुन्या चाचण्यांतील २५,५७० व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या गटात कर्करोगाने झालेले मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी दिसले. अन्ननलिकेच्या कर्करोगातही फायदा दिसला, पण तो सुमारे पाच वर्षे गोळी घेतल्यावर आणि ग्रंथीपेशींच्या, म्हणजे पाश्चात्त्य प्रकारातच.

त्यानंतर २०१८ साली ब्रिटनमधील ‘ॲस्पेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष आले. आम्लामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदललेल्या २,५५७ लोकांवर ती झाली होती. आम्ल कमी करणारे औषध मोठ्या मात्रेत आणि त्याच्या जोडीला ॲस्पिरिन घेणाऱ्यांची स्थिती सर्वांत चांगली राहिली. पण या लोकांना कर्करोग झालेलाच नव्हता. तो होऊ नये म्हणून ही चाचणी होती.

त्याच वर्षी दुसरी बाजूही समोर आली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवरच्या ‘ॲस्प्री’ चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू थोडे जास्त झाले, आणि ती वाढ मुख्यतः कर्करोगाच्या मृत्यूंमुळे होती. संशोधकांनाही हे अनपेक्षित होते. त्यातून वैद्यकाने घेतलेला धडा असा की सत्तरीनंतर, हृदयविकार नसताना, ‘कॅन्सर होऊ नये म्हणून’ ॲस्पिरिन सुरू करू नये.

ज्याला कर्करोग झाला आहे आणि त्याचा मुख्य उपचार पूर्ण झाला आहे, त्याला ॲस्पिरिनने फायदा होतो का, हा प्रश्न घेऊन ‘ॲड-ॲस्पिरिन’ ही मोठी चाचणी २०१५ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली. अन्ननलिका व जठराचा कर्करोग असलेल्या रुग्णांचा त्यात स्वतंत्र गट आहे, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतही तिच्यात सहभागी झाला. आपल्याकडच्या प्रकाराचे रुग्ण अशा चाचणीत असणे महत्त्वाचे आहे. आज मात्र अन्ननलिकेच्या कर्करोगावरच्या नेहमीच्या उपचारांत ॲस्पिरिनला जागा नाही. ज्याला ती हृदयासाठी दिली आहे त्याने ती हृदयासाठीच, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी. इतरांनी मनाने सुरू केली तर जठरात किंवा गाठीतून रक्तस्राव होण्याचा धोका पदरात पडतो.

दिसते ते कारण असतेच असे नाही

मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांच्याबद्दलही अशाच बातम्या येतात. २०१६ साली ब्रिटनमधील ४,४४५ अन्ननलिका-कर्करुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर स्टॅटिन घेणारे ग्रंथीपेशी-कर्करोगाचे रुग्ण जास्त जगल्याचे त्यात दिसले. चपट्या पेशींच्या, म्हणजे आपल्याकडच्या प्रकारात मात्र तसा फायदा दिसला नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये केमो-किरणोपचाराने गाठ जास्त विरघळली असे काही रुग्णालयांनी नोंदवले, काहींना तसे काही दिसले नाही.

असे अभ्यास वाचताना एक साधा प्रश्न विचारावा लागतो. गोळी घेणारे लोक गोळीमुळे जास्त जगले, की जास्त जगणारेच गोळी घेत राहिले? अन्ननलिकेच्या कर्करोगात हा प्रश्न फारच टोकदार आहे. ज्याचे गिळणे बंद झाले त्याच्या गोळ्याही बंद होतात. ज्याला गोळी गिळता येते त्याचा आजार मुळातच कमी पसरलेला असू शकतो. नोंदवहीत मात्र पहिला ‘गोळी न घेणारा’ आणि दुसरा ‘गोळी घेणारा’ म्हणून लिहिला जातो. शिवाय निदानानंतर दोन वर्षे गोळी घेतली असे लिहायला माणूस तेवढे दिवस जगावा लागतो. नियमाने गोळी घेणारा माणूस बहुधा तपासणीलाही वेळेवर येतो, विडी सोडतो, त्याच्या मागे काळजी घेणारे कोणी असते. या सगळ्याचे श्रेय गोळीला मिळून जाते.

नोंदी किती फसवू शकतात याचे नमुनेदार उदाहरण २०१० सालचे आहे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घ्यायच्या बिस्फॉस्फोनेट गोळ्यांनी अन्ननलिकेचा कर्करोग होतो का, असा प्रश्न होता. एकाच वर्षी, ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या एकाच नोंदसंग्रहावरून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एका अभ्यासाने संबंध नाही म्हटले, तर दुसऱ्याने दीर्घकाळ घेणाऱ्यांत धोका वाढतो असे म्हटले. माहिती एकच होती, पण कोणाला किती काळ मोजायचे याची रीत वेगळी होती.

म्हणून खरा निवाडा चिठ्ठ्या टाकून होणाऱ्या चाचणीतच होतो. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टर किंवा रुग्ण ठरवत नाही, योगायोग ठरवतो. त्यामुळे दोन्ही गट इतर बाबतींत सारखे राहतात. धाराशिव जिल्ह्याला हे परक्याचे शास्त्र नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी हे ठरवण्यासाठी जगातल्या गाजलेल्या चाचण्यांपैकी एक याच जिल्ह्यात झाली. गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटले गेले आणि १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हा निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि अनेक देशांची धोरणे त्याने बदलली.

मेटफॉर्मिनलाही या कसोटीतून जावे लागले, ते स्तनाच्या कर्करोगात. मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर पाच वर्षे झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला. मेटफॉर्मिन आणि नुसती दिखाऊ गोळी यांत फरक पडला नाही. उलट टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने १,५८३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देण्याचे स्वस्त औषध टोचल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. म्हणजे जुने स्वस्त औषध कर्करोगात उपयोगी पडू शकते. ते कोणते, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन मधुमेहासाठी घ्यावे. नसेल तर कर्करोगासाठी घेण्याला आधार नाही.

औषधांची टक्कर

इथपर्यंतची चर्चा फायद्याच्या शक्यतेची झाली. रोजच्या व्यवहारात त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे जुनी औषधे आणि कर्करोगाची औषधे एकमेकांशी कशी वागतात.

सर्वांत धक्कादायक घटना जपानची आहे. १९९३ साली तिथे नागिणीवरचे सोरिव्ह्युडिन हे नवे औषध बाजारात आले. फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगाचे औषध शरीरातून निचरा करणारे विकर या औषधामुळे बंद पडत होते. दोन्ही औषधे एकत्र घेतलेल्यांच्या रक्तात केमोचे औषध साठत गेले आणि काही आठवड्यांत १५ रुग्ण दगावले. औषध बाजारातून मागे घ्यावे लागले. त्या काळी जपानमध्ये रुग्णाला कर्करोगाचे निदान न सांगण्याची रीत होती. आपण कोणत्या आजाराची गोळी घेतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्या डॉक्टरला काय सांगणार?

आपल्याकडेही ‘आण्णांना काही सांगू नका, डॉक्टर’ असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. त्यामागे माया असते. पण आण्णा एकटेच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन कंबरेसाठी गोळी मागतात, तेव्हा ‘माझी केमो चालू आहे’ हे ते सांगू शकत नाहीत.

फ्लुरोयुरॅसिल आणि त्याचीच गोळी असलेले कॅपेसिटाबिन आजही वापरात आहेत. त्यांच्यासोबत वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा मोठा धोका असतो. फिट्सची फेनिटॉइन गोळी चालू असेल तर तिची रक्तातील पातळी वाढून रुग्ण गुंगीत राहतो, चालताना झोकांड्या खातो. अशक्तपणासाठी कोणी फॉलिक ॲसिडचे टॉनिक दिले तर कॅपेसिटाबिनचे तोंड येणे, जुलाब हे त्रास वाढू शकतात. याच औषधांनी काही जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणून केमोच्या दिवसांत छातीत दुखले तर ते ‘पित्त’ समजून घरी बसू नये.

सिसप्लॅटिन हे औषध मूत्रपिंडांवर ताण टाकते. ते चालू असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके किंवा जेन्टामायसिन, अमिकासिनची इंजेक्शने घेतली तर मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. एरवी भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देता येतो. या आजारात रुग्णाला पाणीच उतरत नाही.

पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही जोडी किरणोपचारासोबत दर आठवड्याला दिली जाते. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीत, २०१२ साली, शस्त्रक्रियेआधी हा पाच आठवड्यांचा उपचार दिल्याने आयुष्याची मध्यिका २४ महिन्यांवरून ४९.४ महिन्यांवर गेली. चपट्या पेशींच्या प्रकारात तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कर्करोगाच्या पेशी उरल्याच नव्हत्या. हा फायदा पदरात पडायचा तर उपचार वेळेवर आणि पूर्ण व्हायला हवेत. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन पॅक्लिटॅक्सेलचा निचरा वेगाने करू शकते. स्टेंटनंतर दिले जाणारे क्लोपिडोग्रेल उलट निचरा मंदावते आणि हातापायांच्या मुंग्या व बधिरपणा वाढू शकतो. म्हणून क्लोपिडोग्रेल मनाने बंद करणे हा उपाय नव्हे. नुकतीच बसवलेली स्टेंट त्यामुळे एका दिवसात बंद पडू शकते. हृदयाचे आणि कर्करोगाचे डॉक्टर मिळून काय बदलायचे ते ठरवतात.

पित्ताच्या गोळीचे दोन चेहरे

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या आता चहा-साखरेइतक्या सहज घरात येतात. खरे आम्लपित्त असेल तर त्या उत्तम आहेत. पण घास अडकण्याच्या तक्रारीवर त्या महिनोन्महिने घेतल्या की जळजळ थांबते आणि गाठ वाढत राहते. पन्नाशीच्या माणसाला घास अडकू लागला, वजन घटू लागले, तर गोळी बदलण्याऐवजी दुर्बिणीतून तपासणी करायला हवी. सोलापूर तुळजापूरहून ४५ किलोमीटरवर आहे. त्या फेरीला दोन महिने उशीर झाला तर आजाराचा टप्पा बदलतो.

निदान झाल्यावरही ही गोळी तपासून घ्यावी लागते. जठर व अन्ननलिकेच्या जोडावरील कर्करोगाच्या ५४५ रुग्णांच्या माहितीवरून २०१७ साली असे दिसले की कॅपेसिटाबिन असलेला उपचार घेताना सोबत पित्ताची गोळी घेणाऱ्यांमध्ये आजार लवकर बळावला. आम्ल कमी झाल्याने कॅपेसिटाबिन नीट विरघळत नसावे असा तर्क आहे. हा पुरावाही नोंदींतूनच आलेला असल्याने अंतिम नाही. पण गरज नसलेली गोळी बंद करण्याने नुकसान होत नाही. स्टेंट किंवा शस्त्रक्रियेनंतर आम्ल वर येत असेल तर ती गोळी आवश्यकही असते. म्हणून निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

वजन घटते, डोस तोच राहतो

या सगळ्यात जास्त वेळा घडणारी आणि सहज टाळता येणारी चूक साधी आहे. चार महिन्यांपूर्वी ७० किलो वजनाच्या, तीन वेळा जेवणाऱ्या माणसाला ठरवून दिलेला डोस आता ५२ किलोच्या, पेजेवर जगणाऱ्या माणसाला चालू राहतो.

ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी पोटात अन्न नसले तरी साखर खाली आणते. नवरात्राचे उपवास धरणाऱ्या मधुमेही भक्तांना डॉक्टर गोळी कमी करायला सांगतात, ते याचसाठी. अन्ननलिकेच्या रुग्णाला तर हा उपवास मनाविरुद्ध आणि रोजचा घडत असतो. पहाटे घाम फुटणे, बरळणे, बेशुद्धी ही साखर उतरल्याची लक्षणे असतात. घरच्यांना वाटते, कॅन्सर मेंदूत गेला. प्रत्यक्षात ग्लुकोजने रुग्ण शुद्धीवर येतो. याउलट केमोच्या दिवशी उलटी व ॲलर्जी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, त्याने दोन-तीन दिवस साखर वर जाते. त्या दिवसांत साखर मोजणे आणि गरज पडल्यास इन्सुलिन घेणे हा उपाय असतो.

रक्तदाबाचेही तसेच. शरीरात पाणी कमी, वजन कमी, तरी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल पूर्वीच्याच मात्रेत चालू. उठताना चक्कर येते, लघवी कमी होते, मूत्रपिंडाचा अहवाल बिघडतो आणि केमो पुढे ढकलावी लागते. मेटफॉर्मिनही उलट्या-जुलाब होत असताना किंवा मूत्रपिंड अशक्त असताना सीटी स्कॅनचे कॉन्ट्रास्ट द्यायचे असेल, तेव्हा तात्पुरते थांबवावे लागते.

याचा अर्थ या गोळ्या वाईट आहेत असा नाही. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घातक आहे. ‘आता कॅन्सरच झालाय, बीपीचं काय घेऊन बसलात’ म्हणून सगळे बंद केले की ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब २०० वर असतो, भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतात. साखर ३०० वर राहिली तर शस्त्रक्रियेचा जोड नीट भरत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आटोक्यात असलेला रुग्णच पूर्ण उपचार पेलू शकतो. जुन्या औषधांचा कर्करोगाच्या निकालावर होणारा सर्वांत खात्रीचा परिणाम हाच आहे.

गोळी कुटायची का?

गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात गोळ्या कुटून पाण्यातून देणे घरोघरी चालते. काही गोळ्यांना ते चालते, काहींना मुळीच नाही. पाकिटावर एसआर, एक्सआर, सीआर, ईआर अशी अक्षरे असलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. कुटली की चोवीस तासांचे औषध एकदम रक्तात उतरते. पॅन्टोप्राझोलवरचे वेष्टन फोडले तर औषध जठरातल्या आम्लातच वाया जाते. केमोच्या गोळ्या घरी कधीही कुटू नयेत. त्यांची पूड घरच्यांच्या हाताला, श्वासाला लागणेही धोक्याचे.

बहुतेक औषधांना पर्याय असतो. पातळ औषध, पाण्यात विरघळणारी पुडी, साधी गोळी दोनदा विभागून किंवा इंजेक्शन. नाकातून किंवा पोटातून नळी बसवली असेल तर प्रत्येक औषध वेगळे द्यावे आणि आधी-नंतर पाण्याने नळी धुवावी, नाहीतर ती तुंबते. गिळता येत असेल तर गोळी बसून, पुरेशा पाण्याबरोबर घ्यावी. डॉक्सिसायक्लिन, लोह, पोटॅशियम, हाडांची ॲलेन्ड्रोनेट यांसारख्या गोळ्या अरुंद जागी अडकल्या तर अस्तर भाजते.

पिशवीत काय काय आणायचे

उपचाराच्या पहिल्याच दिवशी घरातली सगळी औषधे दाखवणे हा या साऱ्याचा सोपा उपाय आहे. सगळी म्हणजे सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळ्या, मेडिकलवरून आणलेली वेदनाशामके, काढे, भस्मे, टॉनिके आणि सांधेदुखीवर कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्यासुद्धा. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. ते एकदम बंद केले तर माणूस कोसळू शकतो आणि चालू ठेवले तर साखर व जंतुसंसर्ग वाढतो. रोगप्रतिकारशक्ती जागवणारे नवे उपचार देण्याआधीही ते माहीत असावे लागते. रागावतील म्हणून ती पुडी लपवू नये.

वहीच्या एका पानावर औषधाचे नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कधीपासून एवढे लिहावे. घरात लिहिणारे कोणी नसेल तर आशा ताई किंवा आरोग्यवर्धिनी केंद्रातील परिचारिका ते करून देऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांबरोबर हे पान आणि जुने ईसीजी, साखर, क्रिॲटिनिन यांचे अहवाल ठेवावेत. तुळजापूरचे उपजिल्हा रुग्णालय, सोलापूर किंवा बार्शीचे रुग्णालय आणि गावातले डॉक्टर असे तिघे मिळून एका रुग्णाला पाहतात. तिघांनाही तेच पान दिसले पाहिजे. दर आठवड्याला वजन करावे. ते तीन-चार किलोंनी उतरले की मधुमेह आणि रक्तदाबाचे डोस पुन्हा ठरवून घ्यावेत. नवीन गोळी, मग ती साध्या अंगदुखीची का असेना, विचारल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नये.

आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी एवढेच. तंबाखू, मशेरी, विडी आणि दारू सोडण्याइतके गुणकारी औषध कोणत्याही पिशवीत नाही. उकळता चहा बशीत थोडा निवू द्यावा. आणि भाकरीचा घास दोन आठवड्यांहून अधिक काळ अडकत असेल, तर पित्ताची नवी गोळी आणण्याआधी दुर्बिणीची तारीख घ्यावी.